व्याधाचा जोडतारा आणि डोगोनांची कणगी

प्रश्न असा आला आहे: "मालीतल्या डोगोन या शेतकरी लोकांना व्याध ताऱ्याचा न दिसणारा जोडतारा शेकडो वर्षांपासून ठाऊक होता, असं वाचलं. त्यांचा धर्म ताऱ्यांच्या पूजेचा आहे का? ते रोज जगतात कसे? आणि साठ वर्षांनी येणारा त्यांचा सोहळा 2027 साली आहे म्हणे. तो बघायला जाता येईल का?"

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे उत्तर कुठून येतंय ते कळेल. मी बाजरीचा पैदासकार. जन्म माण तालुक्यातला, नोकरी सगळी बाजरीच्या कणसांत गेली. त्यातली काही वर्षं माली आणि नायजरमध्ये काढली. बांदियागाराच्या भागात शेतकऱ्यांच्या रानात वाणांच्या चाचण्या घेत होतो. त्यामुळे डोगोनांचा धर्म मी पाहिला तो बांधावरून आणि खळ्यावरून. देवाचं विचारायला मी गेलोच नव्हतो. बाजरीचं विचारत होतो आणि दर वेळी उत्तरात देव येत होता.

ताऱ्याचं आधी उरकून टाकू. व्याधाला जोडतारा असणार हे बेसेल या जर्मन शास्त्रज्ञाने 1844 मध्ये व्याधाच्या डुलण्यावरून ताडलं. 1862 मध्ये अमेरिकेत अल्व्हन क्लार्क यांना तो दुर्बिणीतून दिसला. नुसत्या डोळ्यांनी तो दिसणं शक्यच नाही. मार्सेल ग्रिओल हे फ्रेंच अभ्यासक 1931 साली डोगोन मुलखात पहिल्यांदा आले आणि पुढे मरेपर्यंत येत राहिले. 1950 साली त्यांनी आणि जर्मेन दिएतरलें यांनी एक निबंध छापला. व्याधाभोवती एक अतिशय लहान आणि अतिशय जड तारा पन्नास वर्षांत फेरी घालतो, असं काही डोगोन जाणकार सांगतात, असं त्यात होतं. 1976 मध्ये एका इंग्रजी पुस्तकाने त्यावर परग्रहावरच्या पाहुण्यांचा मजला चढवला आणि तिथून ही गोष्ट जगभर फिरली. तुम्ही वाचलंत ते बहुधा त्याचंच नातवंड-पतवंड असणार.

1991 मध्ये वॉल्टर व्हॅन बेक या डच अभ्यासकाने उलटतपासणी छापली. ते बरीच वर्षं तिरेली गावात राहून काम करत होते. गावकऱ्यांना असा जोडतारा ठाऊक नव्हता. नेमका कोणता तारा म्हणायचा यावरच त्यांच्यात एकमत नव्हतं, आणि ज्यांना काही ठाऊक होतं ते म्हणत, हे ग्रिओल यांच्याकडून ऐकलं. ग्रिओल यांच्या कन्या डोगोन भाषेच्या मोठ्या अभ्यासक. त्यांनी याला कडक उत्तर दिलं. माझं मत विचाराल तर, 1930 पर्यंत या जोडताऱ्याची गोष्ट युरोपात लेखांतून, व्याख्यानांतून गाजत होती. विचारणारा एखाद्या गोष्टीसाठी आसुसलेला असला आणि सांगणारा पाहुण्याचा मान राखणारा असला, की ती गोष्ट दोघांच्या मधे आपोआप उगवते. मी स्वतः "हे बियाणं आवडलं का?" असं विचारून अशी किती "हो" गोळा केली आहेत!

पण त्या निबंधातलंच एक नाव मला सोडवत नाही. त्या लहानग्या ताऱ्याचं नाव पो तोलो. तोलो म्हणजे तारा आणि पो म्हणजे फोनिओ. फोनिओ हे पश्चिम आफ्रिकेतलं धान्य, गवतासारखं उगवणारं, दाणा आपल्या वरईपेक्षाही बारीक, चिमटीत धरला तर शेकड्यांनी मावेल. सगळ्यात लहान आणि तरी सगळं पोटात घेतलेलं काय, हे सांगायची वेळ आली तेव्हा सांगणाऱ्या डोगोनाच्या तोंडी धान्याचा दाणा आला. तारा खरा की खोटा ते राहू द्या. उपमा शेतकऱ्याची आहे, आणि डोगोनांच्या धर्मात शिरायची वाट तिथूनच आहे.

मुलूख कसा आहे ते सांगतो. मालीच्या मध्यभागी बांदियागाराचा कडा आहे, दीडशे किलोमीटर लांब, काही ठिकाणी पाचशे मीटर उंच. वर खडकाळ पठार, खाली सेनोचं वाळूचं मैदान, आणि कड्याच्या पायथ्याशी दरडींवर चिकटलेली गावं. पाऊस जून ते सप्टेंबर, साधारण पाचशे-सहाशे मिलिमीटर. आमच्या माणदेशाहून फार वेगळा नाही. म्हणजे कधी येईल, कधी दडी मारेल, ते त्याचं तोच जाणे. डोगोनांच्या आधी या कड्यात तेलेम नावाचे लोक राहत. त्यांनी कपारींत बांधलेल्या कोठ्या अजून दिसतात. डोगोन आपण पश्चिमेकडच्या मांदे मुलखातून आलो असं सांगतात. भाषा एक नाही. डोगोन म्हणवणाऱ्या दोन गावांना एकमेकांचं बोलणं न कळणं ही तिथे नवलाची गोष्ट नाही. म्हणून मी पुढे सांगतो ते मुख्यतः सांघा आणि त्याखालच्या कड्याच्या गावांचं. सरसकट सगळ्यांना लावू नका.

मुख्य पीक बाजरी. तिथल्या खडकाळ पठारावर उभं राहून बाजरीचं कौतुक करणं म्हणजे पंढरपुरात जाऊन विठोबाची ओळख करून देणं. बाजरी मुळात साहेलचीच, म्हणजे सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातली. उत्तर मालीतल्या तिलेम्सी खोऱ्यात लागवडीच्या बाजरीच्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या खुणा सापडल्या आहेत. आपल्याकडे ती आली ती तिकडून, आणि येणं अजून थांबलेलं नाही. महाराष्ट्रात लोहासाठी गाजलेला 'धनशक्ती' हा वाण ज्यातून निवडला, त्याचं मूळ उत्तर टोगोतल्या शेतकऱ्यांच्या इनियादी बाजरीत आहे. भाकरी आपली, बियाणं त्यांचं.

पावसाळ्यातला दिवस उजाडायच्या आत सुरू होतो, तो मुसळांच्या आवाजाने. लाकडी उखळ, दोन-तीन बायका, मुसळ आळीपाळीने. एकीचं वर तेव्हा दुसरीचं खाली. मधेच एखादी मुसळ हवेत सोडून टाळी वाजवते आणि पुन्हा झेलते. पाणी आणायचं तर कड्याच्या गावांत चढ-उतार आलाच. पुरुष खांद्यावर आखूड दांड्याची कुदळ टाकून रानात जातात. नांगर पठारावर फारसा चालत नाही. वाळूच्या मैदानात अलीकडे बैल आणि लोखंडी नांगर आलाय. खुरपणी म्हणजे दिवसभर कमरेतून वाकून राहणं. टारफुला तिथेही आहे, आपल्या ज्वारीवर येतो त्याचाच भाऊबंद, जांभळ्या फुलांचा. बाजरीच्या मुळांवर बसून रस पितो. गोसावी रोगही तिथलाच जुना रहिवासी. कणसाच्या जागी हिरव्या पानांचा झुपका पाहिला की मला थेट म्हसवडच्या बाजूची रानं आठवत. बाजरीत चवळी आंतरपीक असते, कडेला अंबाडी आणि भुईमूग, ओलसर जागी थोडा भात.

वाटेत कोणी भेटलं की नमस्कार होतो, आणि तो आपल्यासारखा "काय, बरं का?" वर आटोपत नाही. एकजण विचारतो, दुसरा "सेवो", म्हणजे "ठीक", म्हणतो. घरचे? सेवो. बायको? सेवो. मुलं? सेवो. गावाकडचे? सेवो. मग फासे उलटतात आणि दुसरा विचारू लागतो. हे चालता चालता होतं, पाय थांबत नाहीत. शेवटची "सेवो" पाठमोऱ्या माणसाला दिलेली असते. मालीतले इतर लोक त्यांची "सेवोवाले" म्हणून थट्टा करतात. मला आधी ते वेळखाऊ वाटे. नंतर ध्यानात आलं की उभ्या कड्यावर एकट्याने काम करणाऱ्या माणसाची दिवसातून दहा वेळा हजेरी घेण्याचा हा स्वस्त उपाय आहे.

जेवण म्हणजे बाजरीच्या पिठाचा घट्ट घाटा. बांबारा भाषेत त्याला 'तो' म्हणतात. सोबत गोरखचिंचेच्या वाळवलेल्या पानांचं किंवा भेंडीचं बुळबुळीत कालवण, त्यात वाळल्या कांद्याचा गोळा चुरून, मिळाली तर सुकी मासळी. सगळ्यांनी एकाच भांड्यातून, उजव्या हाताने. मला ते पहिल्या दिवशी गिळवलं नाही. महिन्याभराने रात्री त्याचाच वास आला की पोट बोलायला लागे.

आता कणगीकडे येतो. मूळ उत्तर इथे आहे.

डोगोन गाव लांबून पाहिलं तर घरं दिसत नाहीत, कणग्या दिसतात. दगडांवर उचललेल्या, मातीच्या चौकोनी उंच कोठ्या, डोक्यावर गवताची टोकदार टोपी. एका घराच्या चार-पाच. पुरुषाच्या कणगीत घराची बाजरी, कणसांसकटच रचलेली, मळणी लागेल तशी. बाईची कणगी वेगळी. आत मातीचे कप्पे केलेले असतात. त्यात तिने स्वतः पिकवलेला भुईमूग, कांदा, कापूस, तिचे दागिने, कापड आणि पैसे. दार तिचं, अडसर तिचा. एकदा मी चाचणीचं उत्पन्न मोजत होतो. सगळ्या कोठ्यांची नोंद करायची म्हणून एका शेतकऱ्याला विचारलं, "तुमच्या बायकोच्या कणगीत किती आहे?" दुभाष्याने हे सांगितल्यावर आधी शांतता पसरली आणि मग अंगणभर हसू. नवरा म्हणाला, "मलाही जाणून घ्यायचंय. तिला विचारून मला सांगा." तिने अर्थातच दोघांनाही सांगितलं नाही. माझ्या तक्त्यातली ती चौकट कायमची रिकामी राहिली.

आता याच कणगीला पुराणात ठेवा. 1946 साली ओगोतेम्मेली नावाच्या आंधळ्या वृद्ध शिकाऱ्याने ग्रिओल यांना ओळीने तेहेतीस दिवस जगाची उत्पत्ती सांगितली. त्यातलं किती गावोगावच्या लोकांचं आणि किती त्या एका बुद्धिमान म्हाताऱ्याचं, यावर विद्वानांत अजून खणाखणी आहे. पण गाभा ऐका. अम्मा हा सगळ्याचा कर्ता. (नाव ऐकून आपल्याला आई वाटते, तिथे तो बाप आहे.) त्याच्या आकाशातून पहिला लोहार पृथ्वीवर उतरला तो एका कणगीतून. तिच्यात आठ कप्पे आणि आठ प्रकारची बियाणी होती. कणगी इतक्या जोराने आदळली की लोहाराचे हातपाय मोडले. तोवर माणसाचे हात सापासारखे लवचिक, बिनसांध्याचे होते. जिथे मोडले तिथे कोपर आले, गुडघे आले, मनगटं आली. आणि सांधे आले म्हणूनच माणसाला कुदळ मारता येऊ लागली.

दिवसभर खुरपून आलेल्या, कंबर धरलेल्या माणसाकडून मी ही कथा ऐकली आहे. सांगताना त्याने कोपर वाकवून दाखवलं आणि हसला. सांधेदुखीचं एवढं नेमकं पुराण मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

लोहार तिथे वेगळ्या जातीचे. लग्नं आपापसात, शेतकऱ्यांशी नाहीत. कुदळ तेच करतात, कणगीची कोरीव दारंही तेच. भांडणात मध्यस्थीचा मानही त्यांचा. ती जुनी दारं आता गावात फारशी उरली नाहीत. युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांत आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत लटकली आहेत, आणि कणग्यांना साध्या फळ्या आल्या.

देवाधर्माची रोजची रचना साधारण अशी. अम्माचं ठाणं म्हणजे मातीचा लहान शंकू. त्याच्यावर बाजरीचं पातळ पीठ ओतलेलं, वर्षानुवर्षांचे पांढरे ओघळ. कुळाच्या मोठ्या घराला गिन्ना म्हणतात. तिथे कुळाचा सगळ्यात वयस्क माणूस राहतो आणि पूर्वजांची मडकी ठेवलेली असतात. बिनूची देवळं त्याहून वेगळी. बिनू म्हणजे कुळाचा आदिपूर्वज, कुठल्याशा प्राण्याशी किंवा झाडाशी नातं सांगणारा. त्या कुळाने त्या प्राण्याला खायचं नाही. आपल्या देवकाच्या कल्पनेशी हे इतकं जुळतं की मला समजावून घ्यावंच लागलं नाही. आणि सगळ्याखाली लेबे, म्हणजे जमीन. कथा अशी की मांदे सोडताना लोकांनी लेबे नावाच्या पूर्वजाची हाडं बरोबर न्यायची म्हणून थडगं उकरलं, तर आत हाडांऐवजी जिवंत साप निघाला. तो साप त्यांच्यामागोमाग इकडे आला. त्या थडग्याची माती त्यांनी आणली आणि नव्या ठिकाणच्या ठाण्यात मिसळली. गाव फुटून नवं गाव वसलं की जुन्या ठाण्याची मूठभर माती नव्या ठाण्यात जाते.

होगोन हा लेबेचा पुजारी. बहुधा गावसमूहातला सर्वांत म्हातारा पुरुष. एकदा निवडला गेला की त्याला कोणी शिवायचं नाही, त्याने एकट्याने राहायचं. रात्री लेबेचा साप येऊन त्याला चाटतो आणि त्याच्या अंगात जमिनीचं बळ भरतो असं मानतात. आरू गावचा होगोन सगळ्यांत थोर. पेरणीच्या आधी बुलो नावाचा सण होतो. ठाण्यांवर कोंबड्या, बकरी आणि बाजरीचं पीठ पडतं, बिअर होते, आणि मग बियाणं जमिनीत जातं. ढग दिसले म्हणून सणाआधीच पेरलं, असं मी पाहिलं नाही. पाहिलं तर एवढंच, की ढग लवकर आले त्या वर्षी सण लवकर धरला. म्हाताऱ्यांना पंचांगाचा अर्थ आमच्यापेक्षा बरा कळतो.

आता माझी फजिती. मी जे वाण नेले होते ते हळवे आणि बुटके. कागदावर उत्तम: सत्तर-ऐंशी दिवसांत तयार, दुष्काळातून निसटणारे. 1972 ते 74 आणि पुन्हा 1983 ते 85 चे दुष्काळ लोकांनी भोगलेले होते, त्यामुळे हळव्या वाणावर उड्या पडतील अशी माझी खात्री. पहिल्याच हंगामात आसपासची बाजरी हिरवी असताना माझ्या वाफ्यांत दाणा भरला, आणि पंचक्रोशीतली झाडून सगळी पाखरं तिथे उतरली. क्वेलिया हा तिकडचा लाल चोचीचा पक्षी. त्याचा थवा म्हणजे ढगच. पोरांनी गोफणी फिरवल्या, पण माझ्या चार गुंठ्यांना कोण पुरे पडणार? कणसांच्या नुसत्या दांड्या राहिल्या.

ते एक वेळ मला कळण्यासारखं होतं. दुसरी गोष्ट मला तोगुनात कळली. तोगुना म्हणजे गावातल्या पुरुषांची बसायची जागा. आठ खांब, आणि वर बाजरीच्या ताटांचे थरावर थर. छत माणसाच्या उंचीइतकंही नसतं. आत शिरायचं ते वाकून, बसायचं ते बसूनच. रागाने ताडकन उभं राहिलात तर डोकं तुळईला आपटतं. निवाडे तिथेच होतात. दुपारचं ऊन चढलं की बाहेरच्यापेक्षा आत कितीतरी गार, कारण डोक्यावर दीड-दोन मीटर जाडीचं सरमाड. मी माझ्या वाणाचं उपटलेलं ताट घेऊन तिथे बसलो होतो. एका म्हाताऱ्याने ते हातात घेतलं आणि मांडीशी लावून बघितलं. म्हणाला, "दाणा चांगला आहे. याने छप्पर कसं शाकारायचं?"

तिथली स्थानिक बाजरी तीन मीटर उंच जाते. तिचं ताट म्हणजे तोगुनाचं छत, कुंपण, जनावरांचा चारा, बायकांचं सरपण. आम्ही पैदासकारांनी अनेक वर्षं ताट म्हणजे वाया गेलेलं अन्न असं समजून ते आखूड करण्यात घालवली. त्या प्रश्नानंतर माझ्या निवडीचा निकषच बदलला. पुढच्या हंगामांत उंच वाण नेले आणि त्यांच्याच गरव्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, बाजरीशी संकर केला. तेवढं थोडं रुजलं.

बिअरबद्दल सांगितल्याशिवाय मरणाकडे जाता येत नाही. तिला कोंजो म्हणतात. दाण्याला मोड आणून, वाळवून, दळून, उकळून, आंबवून बायका ती करतात आणि बाजाराच्या दिवशी विकतात. पैसे त्यांच्या कणगीत. आठवडा पाच दिवसांचा आणि बाजार त्यावर बेतलेले.

माणूस मेला की जुन्या रीतीप्रमाणे प्रेत कापडात गुंडाळून दोरांनी कड्यावरच्या कपारीत चढवायचं. पण मेलेला माणूस तेवढ्याने जात नाही. तो घराभोवती, रानाभोवती घुटमळतो. त्याला वाटेला लावायचं ते दामा या सोहळ्यात, आणि दामा लगेच होत नाही. काही वर्षं जातात, मेलेले साठत जातात, गाव वाट पाहतं. कशाची? कणग्या भरण्याची. कारण दामाला आल्यागेल्याचं जेवण लागतं आणि रांजणच्या रांजण बिअर लागते, म्हणजे बाजरी लागते. सलग दोन वर्षं पाऊस गेला तर मेलेले खोळंबतात. पाऊसपाण्याची गणितं करताना ही ओळ मी कुठल्याच अहवालात वाचली नव्हती.

दामात मुखवटे निघतात. छायाचित्रांत दिसतो तो दुहेरी क्रूसासारखा मुखवटा कानागा. नाचणारा कमरेतून गरकन वाकून त्याचं टोक जमिनीला टेकवतो. सिरिगे मुखवटा कित्येक मीटर उंच, दातांत धरून तोलायचा. मुखवट्यांचा कारभार पूर्ण पुरुषांचा, बायकांनी लांब राहायचं. अपवाद यासिगीने, म्हणजे सिगीच्या, तुम्ही विचारलेल्या साठ वर्षांच्या सोहळ्याच्या, काळात जन्मलेली आणि मुखवट्यांची बहीण मानलेली बाई. आणि गंमत अशी की मुखवटे पहिल्यांदा बाईलाच सापडले आणि पुरुषांनी ते तिच्याकडून बळकावले, हेही पुरुषच सांगतात.

उद्या पेरावं का, मुलगा परत येईल का, दुखणं कोणाच्या कोपामुळे, असे प्रश्न कोल्ह्याला विचारतात. गावाबाहेर वाळूत चौकटी आखतात, काड्या, खडे, उंचवटे मांडून प्रश्न लिहितात आणि वर शेंगदाणे टाकून घरी जातात. रात्री तिकडचा फिकट रंगाचा कोल्हा शेंगदाणे खायला येतो. सकाळी जाणकार पावलं वाचतो. पुराणात हा कोल्हा अम्माचा बंडखोर मुलगा. त्याची वाचा गेली, म्हणून तो पायांनी बोलतो. मी एकदा माझ्या चाचणीबद्दल विचारून घेतलं. कोल्हा त्या चौकटीत फिरकलाच नाही. जाणकार म्हणाला, "त्याला मत नाही."

पावसाळा संपला, नोव्हेंबरपर्यंत बाजरी कणगीत गेली, की पठारावर कांदा सुरू होतो. बारीक, तांबडा कांदा. बंधारे वसाहतकाळापासून बांधले गेले. सांघाच्या बंधाऱ्यामागे ग्रिओल यांची खटपट होती, आणि 1956 मध्ये ते गेले तेव्हा सांघाच्या लोकांनी त्यांचे अंत्यविधी आपल्या रीतीने केले. ताऱ्याचा वाद काही असो, गावाने माणूस पाण्यावरून ओळखला. उघड्या खडकावर दगडांचे वितभर उंच बांध घालायचे, टोपल्यांनी माती आणून ओतायची, तुंब्यांनी पाणी घालायचं. पात कुटून, गोळे वळून उन्हात वाळवतात. ते गोळे मोप्ती, बामाको, थेट आबिजानपर्यंत जातात. कांद्याच्या दिवसांत पठारावर उतरलात तर वाऱ्याला लासलगावचा वास येतो.

आणि आता हे सगळं किती उरलंय? मी शेवटचा गेलो तेव्हाच गावातले बहुसंख्य लोक मुसलमान होते. ख्रिस्ती मिशनही 1930 च्या दशकापासून आहे. एकाच गिन्नात थोरला मशिदीत, धाकटा चर्चमध्ये आणि म्हातारा ठाण्यावर, असं घर मी पाहिलं आहे. भांडण नव्हतं. पेरणीआधी दोघे भाऊ एकेक कोंबडी म्हाताऱ्याकडे पोचवत. त्यांनी ती "वडिलांना दिली", वडिलांनी ती कुठे कापली हे त्यांनी विचारलं नाही.

खरं तुटलं ते दुसरीकडे. फुलानी गुराखी आणि डोगोन शेतकरी यांचा जुना व्यवहार होता: सुगीनंतर गुरं रानात बसवायची, त्यांना धाटं, शेताला खत. आपल्याकडे धनगरांची मेंढरं बसवतात तसंच. मैदानातली बालान्झानची झाडंही या व्यवहारात सामील. हे झाड पावसाळ्यात पानं टाकतं, म्हणजे पिकाला सावली नाही, आणि उन्हाळ्यात हिरवं होतं, म्हणजे गुरांना शेंगा. त्याच्याखालची बाजरी बाकी रानापेक्षा हातभर जास्त उंच. झाडं तोडू न देण्यासाठी बांकासकडे बराहोगोन नावाची गावकऱ्यांची जुनी राखण होती. शेती वाढली, चराई आटली, 2012 नंतर उत्तरेतलं युद्ध खाली सरकलं, हत्यारं आली. मार्च 2019 मध्ये ओगोसागू गावात दीडशेहून जास्त फुलानी मारले गेले. जूनमध्ये सोबाने दा या डोगोन गावात 35 माणसं मारली गेली, त्यात बहुतेक लहान मुलं. आणि कणग्या जाळल्या गेल्या. दोन्ही बाजूंना ठाऊक होतं, कणगी जाळली की गाव उठतं.

शेवटचा प्रश्न सिगीचा. हा सोहळा साठ वर्षांनी येतो. पहिल्या मेलेल्या पूर्वजासाठी सापाच्या आकाराचा, कित्येक मीटर लांब, कोणीही न घालायचा मोठा मुखवटा नव्याने कोरला जातो. पुरुष सापासारख्या रांगेत नाचत गावात येतात आणि बिअर पितात. युगो दोगोरू गावापासून सुरुवात करून तो गावोगाव सरकत जातो. मागचा 1967 ते 1973 असा सात वर्षं चालला, त्याचं चित्रीकरणही झालं. म्हणजे मोजणीने पुढचा 2027 मध्ये यायला हवा. तुमच्या व्याधाच्या जोडताऱ्याची फेरी पन्नास वर्षांची आणि सिगी साठ वर्षांची, म्हणजे दोन्ही जुळत नाहीत, हेही सहज लक्षात ठेवा.

जाता येईल का? आत्ता तरी जाऊ नका. बांदियागाराच्या वाटेवर अपहरणं झाली आहेत आणि तुमच्यामुळे तुम्हाला ठेवून घेणारं घर धोक्यात येईल. सिगी होईल की नाही हे मी विचारलं होतं, मागच्या वर्षी, फोनवर, माझ्या जुन्या दुभाष्याला. तो आता मोप्तीत राहतो, गावाकडे जाता येत नाही. आधी नेहमीची सेवो झाली: घरचे, मुलं, माझी गुडघेदुखी. मग म्हणाला, सिगीला बिअर लागते, बिअरला बाजरी लागते, आणि औंदा त्यांच्या रानात पेरायलाच कोणी गेलं नाही.